रघुबीर सिंग : रंगाची मीमांसा आणि रंगाचा व्यवहार

कलावंताने आपल्या कलेविषयी मांडलेली मीमांसा त्याच्या कृतींचे आकलन करून घेताना कितपत प्रमाण मानावी, हा प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाही. मर्ढेकरांची सौंदर्यमीमांसा आणि मर्ढेकरांची कविता ह्यांचा मेळ घालताना आपल्याकडील अभ्यासकांची झालेली ओढाताण सर्वांना ठाऊक आहे. संवेदनांच्या लयबद्ध रचनेतच सौंदर्य असते असे आग्रहाने प्रतिपादणारा हा मीमांसक कविता लिहावयास बसला म्हणजे महायुद्धाच्या आणि यंत्रयुगाच्या छायेत भरडल्या जाणाऱ्या माणसाला काही केल्या विसरू शकत नाही. असाच एक पेच छायाचित्रणासारख्या, आपल्या विद्यापीठीय चर्चेत क्वचितच येणाऱ्या कलेत रघुबीर सिंग (१९४२-१९९९) ह्यांच्या बाबतीत निर्माण झालेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

'रिव्हर ऑफ कलर' हा त्यांच्या निवडक छायाचित्रांचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्याला त्यांनी जोडलेला प्रास्ताविक निबंध म्हणजे तीस वर्षांच्या व्यवसायानंतर एका छायाचित्रकाराने दिलेली आपल्या भूमिकेची कैफियतच होय. तीतील मुख्य प्रतिपादन थोडक्यात असे : कृष्णधवल छायाचित्रण ही पाश्चात्त्य आधुनिकतेची भाषा आहे, एकाकीपणा, अपराधभाव, परात्मता ह्या तिच्या मूळ प्रेरणा आहेत. भारतीय मनाला ह्या प्रेरणा तितक्याशा आपल्या वाटत नाहीत. राजपूत आणि मोगल चित्रशैलींतून, उत्सवांतून, वस्त्रांतून भारतीय दृष्टी रंगातच घडत आली. छायाचित्रणाचा शोध भारतात लागला असता, तर रंगाविषयी पश्चिमेत जो तात्त्विक वाद माजला तो येथे उद्भवलाच नसता. आधुनिकतेचे एक रूप गंगेच्या काठीही आहे आणि आपण त्या काठावर उभे आहोत, अशी त्यांची धारणा दिसते.

ह्या प्रतिपादनात एक आकर्षक स्वाभिमान आहे, आणि तो अस्थानीही नाही. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारले तर रघुबीर सिंगांच्या सर्वोत्कृष्ट छायाचित्रांवर अन्याय होतो, असे माझे मत आहे. विशेषतः १९८५ नंतरच्या त्यांच्या कार्यात रंग हा परंपरेने दिलेला वारसा राहत नाही. तो कारखान्यात बनलेला, दुकानात विकला जाणारा, भिंतीवर फासलेला, काचेवर उमटणारा रंग होतो. मीमांसक ज्या दिशेला बोट दाखवितो त्या दिशेला छायाचित्रकार गेलेला नाही. ह्याचे श्रेय छायाचित्रकाराला द्यावयास हवे.

त्यांच्या चरित्रातील एकदोन गोष्टी येथे सांगणे आवश्यक आहे. जयपूरच्या राजपूत जहागीरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. जहागिरी गेल्या, वैभव ओसरले, पण घरात ग्रंथ होते. त्यांत फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्याचे जयपूरविषयीचे १९४८ चे लहानसे पुस्तक होते, आणि शाळकरी वयात ते हाती पडल्यामुळे आपण ह्या मार्गाकडे वळलो असे ते सांगत. दिल्लीतील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते कलकत्त्याला गेले, ते चहाच्या व्यवसायात नोकरी मिळेल ह्या आशेने. ती मिळाली नाही. मात्र त्या शहरात सत्यजित राय ह्यांचा सहवास त्यांना लाभला. १९६६ साली जयपुरातच कार्तिए-ब्रेसाँला प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची संधी आली. वडीलधाऱ्या कलावंताच्या मागोमाग हिंडून त्याची पावले, त्याचे थांबणे, त्याचे झटकन वळणे न्याहाळणे हे एका परीने गुरुगृही राहण्यासारखेच होते. तथापि गुरूची मुख्य निष्ठा शिष्याने घेतली नाही. कार्तिए-ब्रेसाँला रंगाविषयी मनापासून नावड होती. रघुबीर सिंगांनी आयुष्यभर रंगाशिवाय दुसरे काही हाती धरले नाही. पुढे हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क असे त्यांचे वास्तव्य झाले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अध्यापनही केले. राहावयाचे परदेशी आणि छायाचित्रे घ्यावयाची भारताची, हा क्रम अखेरपर्यंत टिकला. १९८३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिकागोच्या कलासंस्थेत त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले त्याच वर्षी, म्हणजे १९९९ च्या एप्रिलमध्ये, न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे छप्पन वर्षांचे होते.

त्यांना 'रंगीत रस्ता-छायाचित्रणाचे अग्रणी' म्हटले जाते. हे विशेषण तपासून घेतले पाहिजे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सॉल लायटर १९४८ च्या सुमारासच रंगीत फिल्म वापरू लागला होता, जरी त्याचे ते कार्य ग्रंथरूपाने २००६ पर्यंत लोकांपुढे आले नाही. हेलन लेविटने १९५९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्याच शहरातील गल्ल्यांत रंगीत छायाचित्रे घेतली. अर्न्स्ट हासच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६२ मध्ये भरविले. तेव्हा कालानुक्रमाने 'आद्य' हा मान रघुबीर सिंगांना देता येणार नाही. परंतु हे सर्व अपवादासारखे होते. वॉकर एव्हान्ससारखा अधिकारी छायाचित्रकार १९६९ मध्येही रंगीत छायाचित्रणाला ग्राम्य ठरवीत होता. (त्याच एव्हान्सने आयुष्याच्या अखेरीस पोलरॉइडचा रंगीत कॅमेरा हाती घेऊन मनसोक्त छायाचित्रे काढली; मतापेक्षा डोळा अधिक प्रामाणिक असतो ह्याचा हा आणखी एक दाखला.) विल्यम एगल्स्टनच्या १९७६ च्या प्रदर्शनानंतरच पाश्चात्त्य संग्रहालयांत रंगाला प्रतिष्ठा मिळू लागली, आणि तीही समीक्षकांच्या उपहासातून वाट काढीत. रघुबीर सिंगांचा 'गंगा' हा पहिला ग्रंथ १९७४ चा, म्हणजे त्यापूर्वी दोन वर्षांचा आहे. कृष्णधवलाचा पूर्वाश्रम न ठेवता संपूर्ण कारकीर्द रंगाला वाहणारे आणि ती ग्रंथामागून ग्रंथ अशी उभी करणारे छायाचित्रकार त्या पिढीत फार थोडे. अग्रणी हे विशेषण ह्या अर्थाने सार्थ आहे.

आता रंग म्हणजे नेमके काय, ह्या प्रश्नाकडे वळू. चित्रकाराच्या पेटीत जसा रंग असतो तसा तो छायाचित्रकाराजवळ नसतो. रघुबीर सिंगांचा रंग बव्हंशी कोडॅक्रोम ह्या फिल्मचा रंग होता. १९३५ साली बाजारात आलेली ही फिल्म लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की ह्या दोन संगीतकारांच्या प्रयोगांतून सिद्ध झाली, ही गोष्ट लयीविषयी आस्था असणाऱ्यांना गमतीची वाटेल. तिच्या थरांत मुळात रंग नसे. फिल्म धुण्याच्या प्रक्रियेत तो बाहेरून, एकेका थरात वेगवेगळा भरला जाई. ही प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती की कोणाही छायाचित्रकाराला ती घरच्या काळोख्या खोलीत करता येत नसे. हाती यावयाची ती तयार स्लाइड. कृष्णधवल छायाचित्रकार छपाईच्या वेळी एखादा कोपरा काळवंडू शकतो, एखादा चेहरा उजळू शकतो. स्लाइडवर काम करणाऱ्याला असा दुसरा विचार करण्याची सोय नाही. कळ दाबली त्या क्षणी छायाप्रकाशाचा हिशेब पुरा झालेला असतो. शिवाय ही फिल्म प्रकाशाला मंद होती. भर उन्हात ती खुले, सावलीत मात्र काळी पडे. लखलखत्या भागाचा प्रकाश सांभाळावा तर सावल्या डांबरासारख्या दाट होतात. रघुबीर सिंगांच्या छायाचित्रांत रंगाच्या शेजारी हे जे गडद काळे पट्टे दिसतात, त्यांना कोणी राजपूत चित्रांतील काळ्या पार्श्वभूमीशी नेऊन भिडविले तर ते चुकीचे ठरेलच असे नाही. पण त्यांचे पहिले कारण फिल्मच्या रसायनात आहे.

आणखी एक गोष्ट. साठ-सत्तरच्या दशकांत आयातीवरील निर्बंधांमुळे ही फिल्म भारतीय छायाचित्रकाराला सहज मिळण्याजोगी नव्हती. अमेरिकन मासिकांची कामे मिळाल्यामुळे रघुबीर सिंगांना ती मिळू शकली. भारतीय दृष्टी उपजतच रंगात पाहते हे क्षणभर मान्य केले, तरी त्या पाहण्याची नोंद करण्याचे साधन परकीय चलनात विकत घ्यावे लागत होते. त्यांच्या पिढीतील इतर भारतीय छायाचित्रकार कृष्णधवलात का राहिले, ह्याचा विचार करताना परात्मतेआधी फिल्मच्या किमतीकडे पाहावयास हवे होते. निबंधात ह्या बाजूला जितके महत्त्व यावयास हवे होते तितके आलेले नाही.

आणि ज्या रंगाची नोंद व्हावयाची तो तरी किती प्राचीन? राजस्थानातील पगड्या आणि ओढण्या पाहताना आपण हा रंग शतकानुशतकांचा असे सहज म्हणून जातो. मंजिष्ठेचा तांबडा आणि नीळ हे जुने रंग खरेच. परंतु पर्किनने १८५६ मध्ये कृत्रिम जांभळा रंग तयार केल्यावर आणि १८९७ मध्ये जर्मन कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारात आल्यावर, खेड्यातल्या रंगाऱ्याच्या हंड्यातही हळूहळू रसायनेच आली. १९७५ साली कॅमेऱ्यापुढे आलेला झगझगीत गुलाबी रंग बहुधा अशाच रसायनाचा असणार. तेव्हा एका रासायनिक रंगाने दुसऱ्या रासायनिक रंगाची घेतलेली ही नोंद आहे. ह्यात कमीपणा काहीच नाही. वारशाची कल्पना मात्र ह्यामुळे थोडी सावधपणे वापरणे भाग पडते.

ग्रंथांचा घाट प्रथमपासूनच ठरून गेलेला दिसतो. 'गंगा' (१९७४), 'कलकत्ता' (१९७५), 'राजस्थान' (१९८१), 'काश्मीर' (१९८३), 'केरळ' (१९८६), 'बनारस' (१९८७) : प्रत्येक ग्रंथ म्हणजे एक नदी, एक शहर किंवा एक प्रांत. ह्या विभागणीमागे प्रकाशकांची सोय उघड आहे. उपशीर्षकांत 'पवित्र नदी', 'मोहमयी भूमी', 'मसाल्यांचा किनारा' अशा अर्थाचे शब्द येतात, आणि परदेशी वाचकाच्या दिवाणखान्यातील मेजावर हे ग्रंथ कसे शोभावेत ह्याचा विचार झालेला दिसतो. 'काश्मीर' आणि 'केरळ' ह्या ग्रंथांपाशी मला फार वेळ थांबावेसे वाटत नाही. त्यांत सुंदर छायाचित्रे पुष्कळ आहेत, परंतु निसर्गच इतका अनुकूल असल्यावर छायाचित्रकाराला झगडावे लागत नाही, आणि झगडा नसला की रघुबीर सिंगांची रचना सैल पडते. 'राजस्थान'ची गोष्ट निराळी. सत्यजित राय ह्यांची प्रस्तावना लाभलेल्या ह्या ग्रंथात घरच्या माणसाची माहिती आहे आणि घर सोडून गेलेल्याचे अंतरही आहे.

सुरुवातीच्या काळातील दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एक १९६७ चे, बिहारमधील मोंघीर येथील. धुवांधार पावसात सापडलेल्या चार स्त्रिया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. भिजलेल्या साड्या अंगाला चिकटलेल्या आहेत. भोवती पाऊस आणि करडा प्रकाश ह्यांखेरीज फारसे काही नाही. दुसरे १९७५ चे, जयपूरजवळच्या हाथोद गावचे. झाडाला बांधलेल्या झोक्यावर स्त्रिया वारा घेत आहेत आणि वस्त्रांचे रंग हवेत पसरले आहेत. दुसऱ्या छायाचित्रात रंग आनंदाचे वाहन आहे. रंगाविषयीचा त्यांचा पुढचा सिद्धांत ह्या छायाचित्राला चपखल बसतो. पहिल्यात मात्र पावसाने रंगाचा जवळजवळ निचरा करून टाकला आहे. उरलेला अल्पस्वल्प रंग हा केवळ त्या स्त्रियांच्या जवळ-जवळ उभे राहण्यातून जाणवतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हाथोदच्या छायाचित्रात संवादलय आहे आणि मोंघीरच्या छायाचित्रात विरोधलय आहे, आणि तो विरोध रंग व रंगहीनता ह्यांच्यातील आहे. परंतु एवढ्यावर मर्ढेकरांची परिभाषा पुरी पडत नाही. चित्रकाराचा तांबडा रंग हा कशाचाही नसलेला, निव्वळ तांबडा असू शकतो. छायाचित्रातील तांबडा रंग कोणाच्या तरी साडीचा असतोच. त्या साडीची किंमत, ती भिजण्याचा संकोच, तिच्याकडे पाहणाऱ्या परक्या पुरुषाचे तेथे असणे, हे सर्व त्या संवेदनेतून वेगळे काढता येत नाही. सौंदर्यविचाराला लौकिक आणि अलौकिक असे दोन ध्रुव आहेत असे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) ह्या ग्रंथात दाखविले. त्या द्विध्रुवात्मकतेचा छायाचित्राइतका सोपा नमुना शोधून सापडावयाचा नाही.

ह्या परक्या पुरुषाविषयी येथेच बोलून घेतले पाहिजे. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन चालू असताना एका कलावंत स्त्रीने रघुबीर सिंगांवर नव्वदच्या दशकातील लैंगिक अत्याचाराचा जाहीर आरोप केला, आणि संग्रहालयासमोर निषेधही झाला. त्यांच्या निधनाला तेव्हा अठरा वर्षे झालेली होती. आरोपाची न्यायालयीन शहानिशा होण्याचा मार्ग उरलेला नव्हता. समीक्षकाला येथे निवाडा देता येत नाही. परंतु ह्या प्रकरणाचा उल्लेखच टाळून मोंघीरच्या छायाचित्राची निव्वळ रंगरचना सांगत बसणे मला प्रशस्त वाटत नाही. आज ते छायाचित्र पाहणारा वाचक त्या स्त्रियांच्या संमतीचा प्रश्न मनात घेऊनच पाहणार, आणि तसे पाहण्याचा त्याला अधिकार आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या रचनेत पालट होतो. १९८५ च्या पुरात बनारसला गंगेत उडी घेणाऱ्या माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र अद्याप कार्तिए-ब्रेसाँच्या पाठशाळेतील आहे : एक देह, एक क्षण, हवेत. पण 'कलकत्ता : द होम अँड द स्ट्रीट' (१९८८) आणि 'ग्रँड ट्रंक रोड' (१९९५) ह्या ग्रंथांत चौकटीला एक केंद्र राहत नाही. चौकटीच्या चारी कोपऱ्यांत काही ना काही घडत असते. खांब, दरवाजे, गाड्यांच्या खिडक्या, भिंतींच्या कडा चौकटीचे उभे तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकड्यात वेगळी माणसे आपापल्या उद्योगात असतात. हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाचे १९९१ चे छायाचित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विक्रीला मांडलेल्या आरशांत रस्ता तुकड्यातुकड्यांनी परत येतो. कोणता माणूस समोर आहे आणि कोणता पाठीमागून आरशात आला आहे ह्याचा उलगडा व्हावयास वेळ लागतो. ह्या रचनेचे मूळ त्यांनी अकबरकालीन चित्रांत सांगितले असते, आणि ते खरेही आहे. मोगल चित्रकार शिकारीच्या किंवा वेढ्याच्या प्रसंगात डझनभर घटना एकाच पृष्ठावर, एकीने दुसरीला न झाकता मांडतो. परंतु आरसा, काच आणि मध्येच आडवा येणारा खांब ही सामग्री अमेरिकन छायाचित्रकार ली फ्रीडलँडरची आहे. हा त्यांचा स्नेही होता आणि भारतात त्यांच्याबरोबर हिंडलाही होता. फ्रीडलँडर तर ज्या कृष्णधवल परंपरेला ते परात्मतेची परंपरा म्हणत तिचाच मानकरी. ह्या ठिकाणी गंगेचा काठ आणि हडसनचा काठ एकमेकांत इतके मिसळले आहेत की ते वेगळे करण्याचा खटाटोप निबंधकाराने का करावा, हे कळत नाही.

हे सर्व 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' (१९९४) ह्या ग्रंथात परिपक्व झाले आहे. माझ्या मते हा त्यांचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ होय, आणि केवळ आपल्या शहराविषयी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ग्रंथाच्या आरंभी व्ही. एस. नायपॉल आणि छायाचित्रकार ह्यांचा संवाद आहे. नायपॉलने आपल्या १९९० च्या भारतविषयक ग्रंथाची सुरुवातही ह्याच शहरापासून केली होती. छायाचित्रे मुख्यतः १९८९ नंतरच्या चारपाच वर्षांतील. नवे आर्थिक धोरण १९९१ चे. दंगली डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील. बाँबस्फोट मार्च १९९३ चे. ग्रंथ निघाल्यानंतर वर्षभरातच, १९९५ मध्ये, शहराचे अधिकृत इंग्रजी नावही पालटले. एका उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शहराचा हा ग्रंथ आहे.

त्यातील झवेरी बाजाराच्या १९८९ मधील छायाचित्रात जवाहिऱ्याच्या दुकानाची काच हाच खरा विषय आहे. काचेपलीकडील दुकानाचे अंतरंग आणि काचेवर उमटलेला रस्ता ही दोन जगे एका सपाटीवर आली आहेत. आतले लोक सोने पाहत आहेत आणि बाहेरचे लोक चालत आहेत. त्यांच्यामधली काच दिसत नाही, तिचे काम तेवढे दिसते. ह्यात राजपूत चित्रातील उत्सवी रंग शोधू गेल्यास तो सापडणार नाही. येथील रंग व्यापाराचा आहे. चौपाटीवरील गणेशविसर्जनाचे १९८९ मधील छायाचित्र घ्या. लोकमान्यांनी १८९३ पासून पुरस्कार केलेल्या सार्वजनिक उत्सवाला आपण परंपरा म्हणतो, आणि ती आहेही. परंतु मूर्तीवरचा रंग डब्यातला आहे, मूर्ती पुष्कळदा प्लास्टरची आहे, आणि समुद्राला ती पचत नाही हे तर आता न्यायालयांपर्यंत गेलेले आहे. धर्म, कारखाना आणि रस्ता ह्यांचे हे एकत्र येणे त्या रंगातच दिसते. मला वाटते, जुन्या पोथीचित्रांपेक्षा ह्या रंगाचा खरा पूर्वज आपल्या अधिक जवळ, मळवलीला आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ हलविलेला शिळाछापखाना जर्मन तंत्रज्ञांच्या साहाय्याने चालला. त्याने लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचविल्या, आणि देवाचा रंग कसा असावा ह्याची आपली कल्पना त्या शाईने घडविली. रघुबीर सिंगांच्या मुंबईतील फलक, मूर्ती आणि दुकाने ही ह्या छापखान्याची नातवंडे शोभतात.

ग्रंथाची मर्यादाही ह्याच काचेत आहे. 'गोलपिठा' (१९७२) वाचलेल्या वाचकाला ह्या ग्रंथातील मुंबई बाहेरून पाहिलेली वाटते. झोपडपट्टीतील माणसे येथे आहेत, मजूर आहेत, डबेवाला आहे. पण त्यांच्याकडे पाहणारा डोळा रस्त्यावरून चाललेला आहे, घरात शिरलेला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात जे कोसळत होते त्याची चाहूल माझ्या दृष्टीला ह्या छायाचित्रांत फारशी लागत नाही. रस्त्याचा छायाचित्रकार रस्त्यावरच राहणार, असे कोणी म्हणेल; ते मला मान्य आहे. तरीही लेविटच्या छायाचित्रांतील न्यूयॉर्कच्या पायऱ्यांवर बसलेली माणसे तिच्या आळीतली वाटतात, ही गोष्ट मनातून जात नाही.

रंगाशिवाय भारतीय दृष्टी अपुरी पडते ह्या विधानाला दोन जिवंत उत्तरे त्यांच्या अगदी निकटच होती, हे सांगून हा मुद्दा संपवितो. पहिले उत्तर सत्यजित राय. 'पथेर पांचाली' (१९५५) पासून त्यांचे बहुतेक श्रेष्ठ चित्रपट कृष्णधवल आहेत. 'कांचनजंघा' (१९६२) हा पहिला रंगीत चित्रपट केल्यावरही ते पुन्हा कृष्णधवलाकडे वळले. अपूच्या कथेत अभारतीय असे काय आहे? दुसरे उत्तर केतकी शेठ ह्यांचे. रघुबीर सिंगांच्या मार्गदर्शनाचा लाभ झालेल्या ह्या मुंबईच्या छायाचित्रकर्तीने 'बॉम्बे मिक्स' (२००७) ह्या ग्रंथात त्याच शहराचे रस्ते कृष्णधवलात टिपले आहेत. त्यांत परात्मतेचा मागमूस नाही. गर्दी आहे, विनोद आहे, चौकटीच्या कडेला लोंबकळणारी पोरे आहेत. माध्यमाच्या निवडीत राष्ट्राचा स्वभाव शोधण्याची घाई किती अंगाशी येते, ते ह्यावरून दिसते.

तथापि एवढे सगळे वजा करूनही निबंधातील एक गोष्ट शिल्लक राहते. रंगाकडे पाहताना पाश्चात्त्य समीक्षक ज्या संकोचाने पाहत होते, त्या संकोचाची गरज नाही असे त्यांनी आपल्या कामाने दाखविले, आणि ते कोणाची परवानगी न मागता. एगल्स्टनला संग्रहालयाने उचलून धरावे लागले. रघुबीर सिंग तोवर दोन ग्रंथ काढून मोकळे झाले होते. सिद्धांत त्यांनी पुष्कळ नंतर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रचला. तीस वर्षे केलेल्या कामाला पाश्चात्त्य कलेतिहासात जागा मागावयाची तर एक ध्वज लागतो, आणि 'भारतीय रंग' हा ध्वज हाताशी होता. त्यामागची गरज समजण्याजोगी आहे. मात्र विद्यार्थ्यांनी निबंध आधी आणि ग्रंथ मागाहून असा क्रम ठेवू नये. बहुतेक अभ्यासक्रमांत तो तसाच ठेवला जातो, कारण निबंध उतरून घेणे सोपे असते.

'अ वे इंटू इंडिया' हा त्यांचा शेवटचा ग्रंथ मरणोत्तर, २००२ मध्ये निघाला. ह्यात प्रांत नाही, नदी नाही, शहर नाही. आहे ती फक्त अँबॅसेडर मोटार. अनेक वर्षांच्या प्रवासात ह्या मोटारीतून, मोटारीच्या आडून, तिच्या दारांच्या आणि पुढच्या काचेच्या चौकटीतून घेतलेली ही छायाचित्रे आहेत. कधी मोटारीचा पत्रा अर्धे छायाचित्र व्यापून टाकतो, कधी बाजूच्या आरशात मागे पडलेला रस्ता दिसतो आणि त्याच वेळी काचेतून पुढचा. प्रकाशकाला सोयीचे असे एकही सुंदर स्थळ ह्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी नाही, आणि म्हणूनच की काय, छायाचित्रकार इतका मोकळा पूर्वी कधी दिसला नव्हता. मीमांसेत त्यांनी ह्या मोटारीला कोणते स्थान दिले असते ते सांगता येत नाही. मॉरिस ऑक्सफर्ड ह्या इंग्रजी मोटारीच्या नमुन्यावरून ती बनविली गेली, १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत तिचे उत्पादन चालले, आणि तिचा कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला, हुगळीच्या म्हणजे गंगेच्याच एका फाट्याच्या काठी होता.